अकरा पांढरे आणि अर्धी कमान

शनिवार, १२ एप्रिल

ही वही सिसेलने आणून दिली. निळ्या पुठ्ठ्याची, आखीव. सकाळी माझ्या बशीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "एस्किल, रंगाबद्दल तुला जे जे वाटतं ते ह्यात लिही. मला सांगू नकोस."

लग्नाला पंचवीस वर्षं व्हायला आली तरी बायको नवऱ्याच्या विचारांची इतकी कदर करते! बोललेलं हवेत विरून जातं, लिहिलेलं राहतं, हे तिने बरोबर ओळखलं.

तर सुरुवातीपासून. फेब्रुवारीत सिग्ने, आमची एकुलती एक लेक, ऑर्हुसला राहायला गेली. तिची माडीवरची खोली रिकामी झाली. गेल्या रविवारी जेवताना सिसेल म्हणाली, "ती खोली मला हवी आहे. पांढरी करून दे."

"कुठला पांढरा?"

"कुठलाही."

'कुठलाही' असं बाई त्यालाच म्हणते ज्याच्या नजरेवर तिचा पूर्ण भरवसा असतो. आणि माझी नजर काही साधीसुधी नाही. एकतीस वर्षं मी स्वेनबोर्गच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे. पेल्यातलं पाणी उजेडासमोर धरायचं आणि ते रंगहीन आहे की जवळजवळ रंगहीन, हे लिहायचं. ह्या दोहोंत फरक आहे, हे गावात मला एकट्याला दिसतं.

मुदत १७ मेची. त्या दिवशी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पुरी होतील. पहाटे शेजारी दारात स्प्रूस झाडाच्या हिरव्या फांद्यांची कमान बांधतील, गाणं म्हणून आम्हाला उठवतील आणि मग न्याहारीला घरात घुसतील. साडेबारा वर्षांना अर्धी कमान बांधतात, पंचविसाला पूर्ण. आमची अर्धी शेजारच्या प्रेबेननेच बांधली होती, अजून आठवते. नवराबायकोने आपल्याला काहीच माहीत नाही असं दाखवायचं असतं. न्याहारीला आलेली प्रेबेनची बायको उल्ला संडासाचं निमित्त काढून माडीवर जाणार हे नक्की. तोवर खोली झाली पाहिजे.

पाच आठवडे आहेत. भरपूर झाले.

मंगळवार, १५ एप्रिल

बोदिलबाईंच्या रंगाच्या दुकानात गेलो. वय सत्तरीच्या पुढे, पण हात असा स्थिर की भरलेला डबा उघडताना थेंब सांडत नाही.

"पांढरा हवाय," मी म्हणालो.

"घे की. तो बघ, दाराशी रचलाय. स्वस्तात आहे."

"बोदिलबाई, तो पिवळ्याकडे झुकतो."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "खोली कोणाची?"

"सिसेलची."

"ती काय करणार तिथे?"

"बसणार असेल."

"असेल म्हणजे? विचारलंस का तिला?"

"आधी रंग ठरू दे. मग बाकीचं."

बाईंनी अकरा छोटे डबे मांडून दिले. ओलं मीठ, अंड्याचं कवच, झोपलेली मेंढी, धुकं उतरल्यावर, जुनं पत्र वगैरे. झोपलेली मेंढी घरी येईपर्यंतच बाद व्हायला हवी होती, पण म्हटलं, सगळ्यांना सारखी संधी.

शुक्रवार, १८ एप्रिल. गुड फ्रायडे

सिग्नेने पंधराव्या वर्षी स्वतः दिलेला जांभळा रंग आधी झाकून घेतला. मग भिंतीवर अकरा चौकोन काढले, प्रत्येक चाळीस सेंटिमीटरचा. खाली पेन्सिलने नंबर. दिवसातून पाच वेळा पाहायचं आणि तक्त्यात गुण भरायचे: उजेड, स्वभाव, सोबत.

'स्वभाव' हा रकाना माझी स्वतःची भर आहे. नऊ नंबर हट्टी आहे. दोन नंबर गोड बोलतो, पण दुपारनंतर त्याचं खरं रूप कळतं.

सिसेल दारात आली. हातात कॉफी होती, एकच पेला.

"झालं का?"

"आत ये ना. सांग, दोन आणि नऊ शेजारी शेजारी ठेवले तर भांडतील का?"

"एस्किल, मला ह्या खोलीत जरा बसायचं होतं."

"बस की! उलट बरं, दोन डोळे जास्त. पण मधोमध बस, आणि डावीकडे बघू नकोस. तो भाग अजून ओला आहे."

ती खाली गेली. थकली असणार. शाळेच्या कार्यालयात असते ती. दिवसभर पोरं, मास्तर, आईबाप, सगळे तिलाच विचारत असतात: चावी कुठे, सही कुठे, माझा डबा कुठे.

गुरुवार, २४ एप्रिल

आठ राहिले. मेंढी गेली.

रात्री जेवताना मी सिसेलला फक्त एवढंच विचारलं, की पांढऱ्याने खोली मोठी दिसावी की शांत दिसावी. तिने काटा खाली ठेवला. "वही," म्हणाली.

मंगळवार, २९ एप्रिल

दोन राहिले. चार नंबर ओलं मीठ आणि सात नंबर धुकं उतरल्यावर. इथे घोडं अडलं आहे.

त्रयस्थ मत म्हणून प्रेबेनला बोलावलं. चाळीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलेला माणूस, म्हणजे नजर तयार असेल असं वाटलं. उल्लाही आली.

प्रेबेन चारपुढे उभा राहिला, सातपुढे उभा राहिला. परत चारपुढे.

"दोन्ही पांढरेच आहेत रे."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. हा पांढरा, आणि हाही पांढरा. मधे जी रेघ आहे ती पेन्सिलची."

गाढवाला गुळाची चव काय! मी त्याला शांतपणे समजावलं, की चार नंबर स्वतःत रमलेला आहे आणि सात नंबर समोरच्याचं ऐकून घेतो. वीस मिनिटं समजावलं. त्याला माझं म्हणणं पटलं असावं, कारण तो खिडकीतून बाहेर बघायला लागला.

उल्ला म्हणाली, "सिसेल काय म्हणते?"

"तिने सगळं माझ्यावर सोडलंय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला हसू आलं. कमानीचा बेत पोटात ठेवायला ह्यांना किती जड जातंय! मी ताकास तूर लागू दिली नाही.

शनिवार, ३ मे

लिहायला हवं, नाहीतर विसरेन. मंगळवारपासून सिसेल त्या खोलीत झोपते. गादी जमिनीवर टाकली, दिवा नेला, पाण्याचा तांब्या नेला. मी म्हटलं, रंगाच्या वासाने डोकं धरेल. म्हणाली, "वासाचं काही नाही."

कोण बायको एवढं करेल? पहाटे पाचचा उजेड चारवर आणि सातवर कसा पडतो, हे मला कधीच पाहायला मिळालं नसतं, कारण मी साडेसहाशिवाय उठत नाही. आता खोलीत आपला माणूस आहे.

रोज सकाळी विचारतो, "कसा दिसला?"

"पांढरा."

"आणि सात?"

"पांढरा."

मी दोन्ही नोंदी तक्त्यात भरतो. मोठ्या पलंगावर एकट्याला झोप येत नाही, ही एक अडचण आहे. पण त्याला इलाज नाही, काम आहे.

मंगळवार, ६ मे

सिसेल स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती. मी जिन्यात होतो. "हो, सतरानंतर बघू," ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "नाही, त्याला अजून कळलेलं नाही."

खरंच आहे. अजून कळलेलं नाही. चार की सात.

पण बहिणीलाही सांगितलं म्हणजे तिलाही ह्या प्रश्नाची काळजी लागली आहे, हे पाहून बरं वाटलं.

रविवार, ११ मे

सिसेलने आपली पुस्तकं आणि हिवाळ्याचे कपडे चार खोक्यांत भरून बाहेरच्या दाराशी ठेवले आहेत. रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून. मी म्हणालो, "एवढं लांब कशाला? मी सांभाळून देईन रंग." म्हणाली, "राहू दे तिथेच." खोक्यांवर ओडेन्स लिहिलंय. बहीण ओडेन्सला असते, खोकी तिच्याकडूनच आणलेली दिसतात.

दुपारी कुंपणापाशी प्रेबेन भेटला. टोपी काढून डोकं खाजवत होता.

"एस्किल, एक विचारू? समज, कोणाच्या घरी काही कार्यक्रम आहे. आणि समज, तो कार्यक्रम आहे की नाही ह्याबद्दल घरातच... म्हणजे शेजाऱ्यांनी काय करावं?"

बिचारा! कमानीसाठी आमच्या दाराच्या चौकटीला खिळे ठोकावेत की नाही, ह्याची चिंता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जे करायचं ते जपून करा. फार ठोकू नका."

"फार ठोकू नका," तो म्हणाला. "ठीक आहे. सांगतो सगळ्यांना."

बुधवार, १४ मे

आज वाईट दिवस.

दुपारी चार वाजता आभाळ भरून आलं आणि चार आणि सात एकच दिसायला लागले. मी डोळे मिटले, उघडले. एकच. तासभर जमिनीवर बसून राहिलो. एकतीस वर्षांची नजर! प्रयोगशाळेत ह्याच नजरेवर सतरा हजार घरं पाणी पितात. मला रडू आलं, खरं तेच लिहितो.

मग सुचलं. दोन्ही निम्मे निम्मे मिसळायचे. कोणावर अन्याय नाही. दोन्हींचे मोठे डबे आणले, परसातल्या शेडमध्ये बादलीत मिसळून भिंतीवर बारावा चौकोन काढला, खाली नंबर लिहिला.

सिसेल कामावरून आली, पर्स खांद्यावरच, दारात थांबली.

"बारा?" ती म्हणाली.

"तडजोड."

ती वळली. खांदे हलत होते. हसली की काय ते कळलं नाही, तोंड पलीकडे होतं.

शुक्रवार, १६ मे

खोली झालेली नाही. बारा नंबर वाळल्यावर दोघांपेक्षा वाईट निघाला. न्याहारीचे चाळीस पाव, लोणी, चीज आणि दोन बाटल्या कडू दारू आणून ठेवली. उल्ला माडीवर गेलीच तर सांगेन, काम चालू आहे.

संध्याकाळी सिसेल माझ्यासमोर येऊन बसली. "उद्या लोक येतील. मी उल्लाला म्हटलं होतं, नका येऊ."

"असं कसं, रीत आहे!"

"तू काही बोलणार आहेस, एस्किल?"

"छोटंसं भाषण. सगळ्यांचे आभार."

"मला म्हणायचंय, माझ्याशी."

"तुझ्याशी? कशाबद्दल?"

ती उठली. मग म्हणाली, "काही नाही," आणि वर गेली.

शनिवार, १७ मे

सगळं जसं झालं तसं लिहितो.

साडेसहाला गाणं सुरू झालं. प्रेबेनचा कर्णा नेहमीप्रमाणे अर्धा सूर खाली. मी पायजम्यावर, डोळे चोळत, मला काहीच माहीत नव्हतं असा चेहरा करून दार उघडलं. अंगणात सव्वीस माणसं. चांगले कपडे, हातात गाण्याचे कागद.

आणि कमान अर्धी.

डाव्या बाजूने वर चढत गेलेली, दाराच्या मधोमध आली आणि संपली. टोकाला चंदेरी कागदाचा २५चा आकडा हवेत लोंबकळत होता. उजव्या बाजूला उघडी चौकट.

"वा," मी म्हणालो. मग म्हणालो, "दुसरी बाजू वाऱ्याने पडली का?"

प्रेबेनने कर्णा खाली घेतला. "वारा नव्हता, एस्किल."

"मग?"

उल्ला पुढे आली. "आम्ही बैठक घेतली. दोनदा. काही म्हणाले बांधू या. काही म्हणाले, नको, बरं दिसणार नाही. मग सगळ्यांना पटेल असं..."

"नको कोण म्हणालं? आमच्यात बरं न दिसण्यासारखं काय आहे?"

सव्वीस माणसांनी खाली पाहिलं. कोणी बुटांकडे, कोणी गवताकडे. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या थोरकिलला ऐकू कमी येतं, त्याला थांबा असं कोणी सांगितलं नव्हतं, तो एकटा तिसरं कडवं म्हणत राहिला.

तेवढ्यात माडीवरची खिडकी उघडली. सिग्नेच्या खोलीची. सिसेल वाकून कमानीकडे पाहत होती.

"छान झालीय," ती म्हणाली. "अर्धीच बरोबर आहे. पहिली साडेबारा चांगली होती."

मी वर पाहिलं. खिडकीत सिसेल. दाराशी माझ्या पायाजवळ चार खोकी, त्यांच्यावर ओडेन्स. आणि डोक्यावर ती अर्धी कमान. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. दोनदा बैठक झाली होती! माझं घर मोडायला आलं होतं आणि मी मेंढीला गुण देत होतो.

पाहुणे परत जातील असं वाटलं, पण पाव आणलेले होते आणि न खाता जाणं वाईट दिसलं असतं. म्हणून सगळे आत आले आणि गुपचूप खायला लागले. मधूनच कोणी म्हणायचं, "लोणी छान आहे." दुसरा म्हणायचा, "हो, लोणी फारच छान आहे." संडासाला कोणीही वर गेलं नाही. उल्लासुद्धा नाही.

मी गेलो. सिसेल गादीवर बसली होती, भिंतीवरच्या बारा चौकोनांकडे पाठ करून.

"सिसेल," मी विचारलं, "ही खोली तुला कशासाठी हवी होती?"

"एकेचाळीस दिवस," ती म्हणाली. "एकेचाळीस दिवसांनी विचारलंस."

मी खाली बसलो. उत्तर येईपर्यंत काही बोललो नाही. मला ते फार कठीण गेलं.

"सिग्ने गेली ना," ती म्हणाली, "तेव्हापासून मी इथे येऊन रडायचे. तू संध्याकाळी बातम्या बघायचास तेव्हा. अर्धा तास. दार लावून. जगात एक जागा होती जिथे मला कोणी काही विचारत नव्हतं. म्हटलं, हीच आपली करून घ्यावी. तर तू इथेही आलास. ब्रश घेऊन."

"मला वाटलं, मी तुझ्यासाठी..."

"माहीत आहे रे. म्हणून तर ओरडता येईना."

"ओडेन्सला जाणार आहेस?"

"खोली मिळाली नाही तर जाणार."

"आणि मिळाली तर?"

"ते खोलीत बसल्यावर कळेल. आत्ता विचारू नकोस."

मी खाली उतरलो, लोकांमधून वाट काढत परसातल्या शेडमध्ये गेलो. तिथे चार नंबरचा मोठा डबा होता आणि सात नंबरचा मोठा डबा होता. पायजमा तोच. डोळे मिटून दोन्हींवरचे कागद फाडले, डब्यांची जागा चार-पाच वेळा अदलाबदल केली आणि हाताला लागला तो उचलला.

जिन्यात प्रेबेन आडवा आला. "कुठला घेतलास?"

"पांढरा."

त्याने कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या आणि दुसरा रोलर उचलला. थोरकिलने गादी ओढून मधे घेतली. खाली पाहुणे उरलेले पाव संपवत होते, वर आम्ही भिंत. अकराला पहिला हात झाला, तीनला दुसरा. बाराही चौकोन गेले. मी एकदाही मागे सरकून डोळे बारीक करून पाहिलं नाही.

संध्याकाळी सिसेल आत गेली आणि तिने दार लावलं.

रविवार, १८ मे

दार बंद. जिन्यापर्यंत तीनदा गेलो. ठोठावलं नाही.

मंगळवार, २० मे

दार बंद, पण बाहेर रिकामी बशी ठेवलेली होती. धुतली.

दाराशी खोकी तीन. सकाळी चार होती. दोनदा मोजली.

गुरुवार, २२ मे

खोकी दोन.

सिसेल आठला खाली आली, समोर बसली आणि आपणहून बोलायला लागली. शाळेत कोणा पोराने मुख्याध्यापकांच्या बुटात जाम भरला होता. मी सबंध गोष्ट ऐकली. मधे विचारावंसं वाटलं, जाम कुठला, पण जीभ चावली. नंतर तिनेच सांगितलं, की जाम गूसबेरीचा होता.

शनिवार, २४ मे

जेवण झाल्यावर प्रेबेन आणि उल्ला कुंपणापलीकडून काहीतरी लांबलचक घेऊन आले. स्प्रूसच्या फांद्या, तारेने बांधलेल्या, वाकवलेल्या. त्यांनी ती वस्तू भिंतीला टेकवून ठेवली.

"सिसेलने फोन केला होता," प्रेबेन म्हणाला आणि नाक पुसलं. "आम्ही बांधणार नाही. तीच म्हणाली, नुसतं ठेवून जा."

दाराशी खोकी एकही नव्हती. मी मोजायला वाकलो होतो तेव्हाच सिसेल शिडी घेऊन आली.

"धर," म्हणाली.

मी धरली. ती वर चढली, हातोडी कमरेला. उजवी बाजू चौकटीला ठोकली, वाकवत वाकवत मधोमध आणली, तारेने डावीला बांधली. आकडा सरळ केला. मग शिडीवरूनच जरा मागे झुकून पाहायला लागली.

डावी बाजू आठवडाभर उन्हात होती. तपकिरीकडे झुकायला लागली होती. उजवी आज सकाळची, काळपट, ओलसर हिरवी. मधोमध जोड असा दिसत होता की रस्त्यावरून आंधळ्यालाही दिसावा.

"एस्किल," ती वरून म्हणाली, "दोन्हीकडचा हिरवा वेगळा दिसतोय ना?"

मी नीट पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, परत डावीकडे.

"दोन्ही हिरवेच आहेत," मी म्हणालो.

सिसेल इतकी हसली की शिडी हलायला लागली. मी दोन्ही हातांनी धरून ठेवली.